‘अहो’चा वाटा

सकाळच्या अहवालात मिठाचा वाटा होता, अपुऱ्या झोपेचा होता, जिन्याचा होता, आणि या सगळ्यांच्या वर ‘अहो’ होते.

सुकुमार मगदूम यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इचलकरंजीतल्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लहान पडदा होता आणि त्यावर त्यांच्या बायकोच्या, त्रिशलाबाईंच्या रक्तदाबाची आठवड्याची पट्टी उमटली होती. दाब कशाकशानं चढला त्याचे रंगीत तुकडे. मिठाचा तुकडा नखाएवढा, जिन्याचा थोडा मोठा. उरलेली अर्धीअधिक पट्टी एका गडद केशरी तुकड्यानं व्यापली होती, आणि त्यावर स्वच्छ अक्षरात एकच शब्द होता.

“हे ‘अहो’ कोण?” त्यांनी विचारलं.

त्रिशलाबाईंनी परातीवरून मान वर केली. हाताला पीठ तसंच. “या घरात अहो किती आहेत?”

चहाचा कप घेऊन सुकुमार खिडकीशी गेले, तिथून दाराशी, दारातून पुन्हा पडद्यासमोर. माणसानं आयुष्यभर बायकोला बोट लावलं नाही, दारूला शिवला नाही, जुगार खेळला नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी भिंत त्याला सांगते की तुझ्या बायकोचा आजार म्हणजे तू.

त्रिशलाबाईंच्या गळ्याखाली, हाडाच्या वळणात, एक चकती चिकटवलेली होती. रुपयाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ती आत सोडायची आणि प्रत्येक ठोक्याला धमनी किती फुगते, किती आखडते ते पाहून रक्ताचा दाब काढायची. पूर्वी दवाखान्यात दंडाला पट्टा आवळून महिन्यातून एकदा जो आकडा मिळायचा, तो आता ठोक्याठोक्याला मिळत होता. पण आकडा मिळणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. चकती कारण शोधायची, ही खरी नवलाई.

कारण शोधणं अवघड असतं, कारण गोष्टी एकट्या घडत नाहीत. जेवताना लोणचं खाल्लं, त्याच वेळी बंगळुरूहून मुलाचा फोन आला, आणि दाब चढला. लोणच्यानं की मुलानं? चकती मग माणसावरच छोटे छोटे प्रयोग करायची. आज लोणचं नको म्हणायची. उद्या जेवण उशिरा घ्या, परवा जेवताना फोन बाजूला ठेवा. कोणत्या दिवशी काय सांगायचं हे ती चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायची, म्हणजे योगायोगाला जागा उरत नसे. काही आठवड्यांत हजारो ठोक्यांमधून एकेका कारणाचा वाटा वेगळा निघायचा. माणसांचाही. दुसऱ्या माणसाचा आवाज साठवायला कायद्यानं बंदी होती, म्हणून चकती फक्त लावणाऱ्याचाच आवाज ऐकायची आणि समोरच्याला तो ज्या नावानं बोलावील तेच नाव त्या माणसाला द्यायची. मुलगा ‘प्रीतम’ म्हणून नोंदला गेला होता. शेजारीण ‘शोभाताई’. आणि नवरा ‘अहो’.

त्रिशलाबाईंना ही चकती हौस म्हणून लावलेली नव्हती. उन्हाळ्यात एकदा तांदूळ निवडताना त्यांची वाचा गेली होती. चार-पाच मिनिटंच, पण तेवढ्यात त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. मिरजेला तपासणी झाली. मेंदूतल्या एका धमनीला फुगवटा आला होता, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. शस्त्रक्रिया करता येण्याजोगी होती, पण जागा अशी, की रक्तदाब सलग तीन महिने ताब्यात राहिल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते. आणि शस्त्रक्रियेआधीच दाब एखाद्या दिवशी उसळला, तर काय होईल हे डॉ. नाझनीन मुजावर यांनी शांतपणे, काही न लपवता सांगितलं होतं.

त्रिशलाबाईंनी ऐकलेलं सगळं अमलात आणलं. सूर्यास्ताआधी जेवणं ही तर मगदूमांच्या घरातली जुनीच रीत होती. आता आमटी अळणी झाली, पापड-लोणच्याच्या बरण्या शेजारी गेल्या, पहाटे फिरणं सुरू झालं, दुपारी दीर्घ श्वसन. एकेक तुकडा आक्रसत गेला. केशरी तेवढा हलेना.

सुकुमारनी मग स्वतःला दुरुस्त करायला घेतलं. माग दुरुस्त करायला घ्यावा तसं. त्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता, वडिलांच्या वेळेपासूनचा. माग बिघडला की आधी काय बंद करून पाहायचं, मग काय, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी आधी टीव्ही बंद केला, कारण त्याच्या आवाजावरून रोज कुरबुर व्हायची. मग राजकारणावर बोलणं बंद केलं. भाजीला नावं ठेवणं बंद केलं. मग बोलणंच कमी केलं. आठवडा संपला आणि केशरी तुकडा वाढला.

तेव्हा ते समोरूनच हटले. आरामखुर्ची त्यांनी गच्चीत नेली. पेपर तिथं, चहा तिथं. बायकोच्या डोळ्यांसमोर आपण नसलो की झालं, असा त्यांचा हिशेब. तुकडा आणखी वाढला.

एका सकाळी त्रिशलाबाई जिना चढून गच्चीत आल्या. पदर खोचलेला, धाप लागलेली.

“किती हाका मारायच्या माणसानं? नाष्टा गार झाला.”

“एकच तर मारलीस,” सुकुमार म्हणाले. “आणि तीही अशी, की खालच्या बोळातली माणसं वर बघायला लागली. गोडीनं एकदा हाक मार की कधीतरी.”

त्रिशलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत अविश्वास होता आणि थोडी घृणासुद्धा. त्या काही बोलणार एवढ्यात गळ्याखालची चकती थरथरली आणि तिच्या कडेला तांबडा ठिपका लागला. सुकुमारनी धडपडत उठून त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, पेपरनं वारा घातला. ठिपका विझेपर्यंत ते तिच्यापुढे उकिडवे बसून होते, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपण वर आलो म्हणून ती वर आली. म्हणजे आपण गच्चीत बसून भागणार नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पट्टी बराच वेळ पाहिली. डॉ. मुजावर चाळिशीच्या, बोलायला थेट, पण त्या दिवशी त्यांनी पेनचं टोपण दोनदा काढून लावलं. मग म्हणाल्या, की अशा वेळी काही आठवडे वेगळं राहून बघण्याची पद्धत आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. मिठासारखंच, काही दिवस बंद करून बघायचं.

“म्हणजे मी मीठ,” सुकुमार म्हणाले.

“काका, मी तसं म्हटलं नाही.”

“म्हणा की. खारट माणूस आहे मी.”

कुणी हसलं नाही. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली आणि सांगली रोडची उसाची शेतं मागे जाताना बघत राहिली. घरी आल्यावर सुकुमारनी पिशवी भरली. त्रिशलाबाईंनी अडवलं नाही. त्यांनी फक्त शेंगदाण्याची चटणी एका डब्यात घालून दिली, चांगली खारी, त्यांना आवडते तशी.

“चाललासा कुठं?” दारात त्यांनी विचारलं, माहीत असूनही.

“कारखान्यात. खोली आहे तिथं.”

“आणि ऑपरेशन झाल्यावर?”

सुकुमारनी चपला घातल्या. ऑपरेशननंतरही दाब सांभाळावा लागणारच होता, जन्मभर. तो विचार दोघांच्याही मनात आला होता.

कारखान्यातले त्यांचे जुने माग कधीच भंगारात गेले होते. ज्या मागांवर लाकडी धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत पळायचा, त्यांच्या खडखडाटात सुकुमार लहानाचे म्हातारे झाले. आता जागा भाड्यानं दिली होती, आणि भाडेकरूचे माग हवेच्या झोतानं धागा फेकत. आवाज निराळा, पण कमी नाही. कामगार एकमेकांशी ओठ हलवून, हातवारे करून बोलायचे. इथं सुकुमारना बरं वाटलं. बोलणारा माणूस समोर येतो, तोंडाकडे बघतो, मुद्द्याचं बोलतो आणि जातो. पाठीमागून कुणी कुणाला काही म्हणत नाही. घरात अलीकडे त्यांना सतत असं वाटायचं, की आपल्या पाठीमागे काहीतरी घडून गेलंय आणि आपण उशिरा पोचलोय.

पण बसवेना. चहा घेतला की ते बाहेर पडत. नदीवेशीपर्यंत जात, परत येत, पुन्हा मोठ्या तळ्याकडे निघत. ओळखीचं कुणी भेटलं की, घरी काय म्हणतात, विचारी. ते ठीक म्हणत आणि पाऊल उचलत. महिन्याभरात विजार कमरेला ढिली झाली. त्यांनी स्वतःचाही दाब एकदा औषधाच्या दुकानात मोजून घेतला, तर तो तिशीतल्या पोराला शोभेल असा निघाला. त्यांना चीड आली. ज्याला गरज नव्हती तो सुधारत होता.

संध्याकाळी त्रिशलाबाईंचा फोन यायचा. त्याची ते दुपारपासून वाट बघत. आणि गंमत अशी, की फोनवर दोघं इतकं चांगलं बोलायची, जेवढं कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तिचा आवाज कानाशी अगदी जवळून यायचा, हळू, थोडा खालच्या पट्टीतला. जेवलासा का. चादर धुतली का. शोभाताईंच्या सुनेला मुलगी झाली. मध्येच ती हसायची. सुकुमारना वाटे, हिला हा आवाज होता तर इतकी वर्षं कुठं ठेवला होता? मग त्याचं उत्तरही त्यांना सापडे. आपण लांब आहोत म्हणून. जवळ गेलो की ती ओरडेल. कारखान्यातला माग जुळवणारा जॉबर त्यांना एकदा म्हणाला, मालक, बायको लांबूनच गोड लागते, आणि सुकुमारांना हसू आलं नाही. त्यांनी खोलीत एक शेगडी घ्यायचं ठरवलं. मग एक कपाट. जन्मभर राहायचं तर कपाट लागणारच.

कपाट बघायला निघायचं त्याच सकाळी वेगळं राहिल्यानंतरचा पहिला अहवाल फोनवर आला, महिना पुरा झाल्यावरच पाठवायचा असं डॉक्टरांनी ठरवलेला. केशरी तुकडा वाढला होता. पूर्वी कधीच नव्हता एवढा.

त्यांनी फोन खाली ठेवला, वर उचलला. अहवाल गेल्या महिन्याचा होता. गेला महिनाभर त्यांनी घराचं तोंड पाहिलं नव्हतं. ते इथं होते. मग तिथं ‘अहो’ कोण होतं?

हा विचार डोक्यात आला तेव्हा त्यांना स्वतःची शरम वाटली. त्रिशलेचं वय काय, आजार काय. पण विचार आला तो बसला. त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘अहो’ हा शब्द लग्नात त्यांना मिळाला होता. पहिल्यांदा तिनं तो उच्चारला होता तो लग्नानंतर दोन दिवसांनी, घरामागच्या परड्यात, पाणी काढताना, आणि उच्चारून लाल झाली होती. तो शब्द ती दुसऱ्या कुणाला देईल हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. ते तळ्याला दोन फेऱ्या मारून आले. संध्याकाळी फोनवर सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, की या महिन्यात घरी कोण कोण येऊन गेलं.

“कोण येणार?” त्रिशलाबाई म्हणाल्या. “मीच फिरते सगळीकडं. नळाचं पाणी तीन दिवस आलं नाही, त्या पाणीवाल्याच्या मागं लागले. मीटरवाला चुकीचं बिल देऊन गेला. गॅस बुक झाला नव्हता. तुम्ही करत होता तेव्हा कळत नव्हतं हे.”

सुकुमारनी त्यातला प्रत्येक पुरुष मनात तपासून पाहिला. पाणीवाला नागू त्यांच्या निम्म्या वयाचा होता. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

तपासणीला दोघं वेगवेगळी मिरजेला पोचली. त्रिशलाबाई शोभाताईंच्या मुलाच्या गाडीतून आधी आल्या होत्या, सुकुमार बसनं मागाहून. ते डॉक्टरांच्या खोलीत शिरले तेव्हा डॉ. मुजावर पडद्यावर वाकल्या होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी होती.

“काका, आज साडेदहाला तुम्ही कुठं होता?”

“बसमध्ये. अंकलीच्या पुलावर असेन.”

“साडेदहाला ‘अहो’मुळे काकूंचा दाब चढलाय. इथंच, बाहेरच्या हॉलमध्ये.”

त्रिशलाबाईंकडे न बघता सुकुमार खुर्चीत बसले. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. डॉक्टरांनी त्रिशलाबाईंना विचारलं, त्या वेळचा तुमचा आवाज ऐकू का, आणि त्यांनी मान हलवल्यावर बटण दाबलं. खोलीत त्रिशलाबाईंचा आवाज मोठ्यानं घुमला.

“अहो, नंबर कितीवर आलाय? अहो... अहो, तुम्हाला विचारते मी.”

“काउंटरवरच्या माणसाला,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “मान वर करीना तो. मोबाईलमध्ये घुसलेला.”

डॉ. मुजावर खुर्चीत मागे रेलल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर हात ठेवला. चकती बनवणारी मंडळी जिथली, तिथं माणसं एकमेकांना नावानं हाक मारतात, त्या म्हणाल्या. बायको नवऱ्याला नावानं, नवरा बायकोला नावानं, गिऱ्हाईक दुकानदारालाही नावानं. चकतीच्या हिशेबी ‘अहो’ हे एका माणसाचं नाव होतं. त्रिशलाबाई ज्या कुणाला आदरानं हाक मारतील, तो प्रत्येक माणूस सुकुमारांच्या खात्यावर चढत होता.

पुढचा तासभर त्यांनी एकेक हाक लावून ऐकली आणि त्रिशलाबाईंनी सांगितलं, ही कुणाला. ही पाणीवाल्याला. ही मीटरवाल्याला. ही बसच्या कंडक्टरला, सुट्ट्यावरून. ही मंदिरातल्या पंडितांना, त्यांनी प्रवचन लांबवलं तेव्हा. “आणि ही तुम्हाला, डॉक्टर,” त्या ओशाळून म्हणाल्या, “मागल्या वेळी तुम्ही मध्येच फोनवर गेला होता.” सुकुमार हसले. महिन्याभरात ते पहिल्यांदाच मोकळे हसले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. गावातली अर्धी माणसं त्यांच्या वाट्याची शिक्षा भोगायला आली होती. केशरी तुकड्याचे ढलपे निघत होते, आणि कपाट घ्यायची गरज नव्हती.

मग डॉक्टरांनी पट्टी नव्यानं मांडली.

पाणीवाला, मीटरवाला, काउंटरवाला, सगळे वेगळे झाले होते. सुकुमार घरात असतानाचे आठवडे वेगळे काढले तर त्यांच्या नावाचा तुकडा पूर्वीपेक्षा लहान होता, पण तरी सगळ्यांत मोठा तोच. मिठाहून मोठा, जिन्याहून मोठा.

“म्हणजे मीच,” सुकुमार म्हणाले.

डॉक्टर दोन आलेख शेजारी ठेवून बघत होत्या. फोनवर याच माणसाशी बोलताना दाब जरासुद्धा हलत नाही, त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या. समोरासमोर बसून बोलतानाही फारसा नाही. मग चढतो कधी? त्यांनी एक हाक मोठी करून दाखवली. तिच्या बरोबर दाबाची रेघ वळण घेत वर गेली होती, वरच थांबली होती आणि मग उतरली होती. अशाच रेघा पाणीवाल्याच्या, काउंटरवाल्याच्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणूस हाक मारतो तेव्हा शरीर उत्तराच्या तयारीत थांबतं. नाडी जरा वाढते, धमन्या जरा आवळतात. उत्तर आलं की सगळं सैल पडतं. उत्तर येत नाही तोवर आवळलेलंच राहतं, आणि दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठ्यानं मारावी लागली की आणखी आवळतं. या रेघा सगळ्या त्या मधल्या वेळात चढल्या होत्या.

“हेच सांगते मी जन्मभर,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “हाक मारली की माणसानं उत्तर द्यावं. पहिल्या हाकेला नाही, दुसरीला नाही. पार ओरडेपर्यंत पेपरातून डोकं निघत नाही यांचं. मी कोण? मी भिंत.”

“कुठल्या पहिल्या हाकेला?” सुकुमार म्हणाले. “तू एकदम ओरडतेसच. तुला हळू हाक मारताच येत नाही.”

“एकदम?”

“एकदम. लग्नानंतर दोन-चार वर्षं सोडली तर मी हळू हाक ऐकलेलीच नाही तुझी.”

डॉ. मुजावर यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी तांबडा ठिपका नोंदलेल्या, गच्चीतल्या त्या सकाळचा आवाज लावला. पहिली हाक आली. अहो. हळू, खालच्या पट्टीतली, शेवट थोडा वर नेलेला. अगदी फोनवरच्यासारखी. थोडा वेळ गेला. मग दुसरी, जरा पुढे येऊन मारल्यासारखी. पुन्हा थोडा वेळ. मग तिसरी, सुकुमारांच्या ओळखीची, गल्लीला जाग आणणारी. आणि लगेच, जिथं त्यांनी वरून ओ दिली असणार, त्या जागी रेघ खाली उतरू लागली होती.

सुकुमार पडद्याकडे बघत होते. “या पहिल्या दोन केव्हाच्या?”

“त्याच सकाळच्या, काका.”

“त्या दिवशी तिनं एकच मारली होती.”

डॉक्टर उठल्या. त्यांनी सुकुमारना खिडकीशी नेलं आणि बाहेर तोंड करून उभं राहायला सांगितलं, फक्त एक छोटी गोष्ट बघायचीय म्हणून.

सुकुमार उभे राहिले. खिडकीला गडद काच होती. बाहेर आवारात एक माणूस स्कूटरवर बसून डबा खात होता. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरलेला. सुकुमारांना वाटलं, हे काय चाललंय, तपासणी बायकोची आणि उभं मला केलंय. उन्हात त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिले. कारखान्यातल्या खोलीत दोरीवर टॉवेल राहिलाय, जाताना तो घ्यायला हवा.

“सुरू करताना सांगा हं,” ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. स्कूटरवरच्या माणसानं डब्याचं झाकण लावलं. आवारात सावली सरकली, काच थोडी काळी झाली आणि तिच्यात मागची खोली दिसू लागली. टेबल. हात बांधून उभ्या डॉक्टर. आणि खुर्चीच्या कडेला पुढे झुकून बसलेली त्रिशला.

तिचे ओठ उघडले, गोल झाले, मिटले.

मागांच्या खडखडाटात जन्मभर माणसांची तोंडं वाचलेल्या सुकुमारांना तो शब्द लगेच वाचता आला. पण खोलीत आवाज नव्हता. त्यांनी कान दिला. काहीच नव्हतं, काच होती आणि काचेत तिचे ओठ पुन्हा उघडले, पुन्हा गोल झाले. ते खिडकीच्या गजाला धरून राहिले. वळावं असं त्यांना वाटलं आणि वळवेना. ही कितवी? आपण उभे राहिल्यापासून हिनं किती मारल्या?

मग शेवटची त्यांना ऐकू आली. ती आली तशीच आली, जशी गेली कित्येक वर्षं येत होती. कर्कश, भांडखोर, अंगावर धावून आल्यासारखी. फरक इतकाच, की आज ती मारतानाचा तिचा चेहरा त्यांना काचेत दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर राग कुठंच नव्हता. ती घाबरली होती.

सुकुमार वळले. त्रिशलाबाई खुर्चीतून उठून त्यांच्यापर्यंत आल्या, अगदी समोर उभ्या राहिल्या आणि परक्या माणसांसमोर आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नवऱ्याच्या दोन्ही कानांवर त्यांनी आपले हात ठेवले. तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसे.

“मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता,” त्या म्हणाल्या.

ते त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर कानाच्या तपासणीबद्दल, यंत्राबद्दल काहीतरी सांगत होत्या, शस्त्रक्रियेसाठीचे तीन महिने आजपासून नव्यानं मोजू असंही म्हणत असाव्यात. त्यातलं सुकुमारना काहीच समजलं नाही, कारण त्या आता त्यांच्या पाठीमागे, खिडकीशी येऊन उभ्या होत्या.